बारा ब्रॅकेटांची तपासणी

पोलादाच्या ओतीव भागाला न कापता, न फोडता त्याच्या पोटात काय आहे ते सांगणं हा माझा धंदा. भिवंडीत मला लोखंडाचा डॉक्टर म्हणतात, आणि मीही पट्टीच्या नटासारखी मान झुकवून ते स्वीकारतो. माझ्याकडे चार तपासण्या. रंगाची: लाल रंग मारायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर फवारायची, भेग असेल तिथे लाल रेघ उमटते. चुंबकाची: लोखंडाची भुकटी भेगेवर जमते. या दोन्ही कातडीपुरत्या. पोटातलं बघायचं तर आवाजाच्या लहरी सोडायच्या, नाहीतर गॅमा किरणांनी फोटो काढायचा.

माझं प्रेम मात्र रंगावर. काय करणार, त्यात नाटक आहे!

एका बुधवारी एका फाउंड्रीवाल्याने बोलावलं. इथल्याच शेतकरी घराण्यातला. जमीन गोदामांना देऊन त्याने ओतकामाची भट्टी घातली होती. मी त्याला दादा म्हणायचो. अंगणात बारा ब्रॅकेट मांडलेले. जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात मालाच्या लिफ्ट बसायच्या होत्या. लिफ्टचे दोर ज्या चाकांवरून जातात, ती चाकं या ब्रॅकेटांवर. कागदोपत्री त्या लिफ्टमध्ये माणसाने चढायचं नसतं. पण हमाल मालाबरोबरच वर जातो, हे पूर्ण्यातल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे.

ब्रॅकेटचा आतला कोपरा चांगलाच जाड होता. जाड जागा सगळ्यात शेवटी थंड होते आणि तिथेच पोकळ्या राहतात. मी आधी आवाजाने बघितलं. पडद्यावर नुसतं रेघांचं गवत उगवलं. ओतल्यावर भाग पुन्हा तापवून पोलादाचा दाणा बारीक केलेलाच नव्हता, आणि भरड दाण्यात लहरी विस्कटतात. म्हणजे राहिला फोटो. त्यासाठी आसपासची माणसं लांब हटवावी लागतात, आणि भिंतीपलीकडे तर यंत्रमाग धडधडत होते.

लूमवाले शेठ, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, दारात चहा पीत होते.

“चाचा, दोन तास लूम बंद ठेवाल?”

“आज? आणि कारागीर काय माझ्या डोक्यावर बसवू? अरे, शुक्रवारी ये ना! शुक्रवारी लूमला सुट्टी, इथे कबूतरसुद्धा ड्युटीवर नसतं.”

शुक्रवार परवावर होता. मी दादाला सांगितलं.

“शुक्रवार न्हाय जमाचा. उद्या सकाली ट्रक भरायचा हाय. तुजी ती लाल-पांढरी गंमत कर ना. तपासनी झाली, एवडाच कागद पायजे त्यांना.”

“दादा, ती वरची कातडी दाखवते फक्त.”

“मंग? पोरगी बघाला गेलास तवा काय एक्स-रे काढला व्हतास?”

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

मग केली गंमत. लूमवरचे कारागीर बिड्या विझवून बघायला आले. एकेक ब्रॅकेट मी लाल केला, पुसला, पांढरा केला, आणि जादूगार रुमाल झटकतो तसा फडका झटकून म्हणालो, “देखो भाई, बेदाग!” बारा वेळा. टाळ्यासुद्धा पडल्या. अहवालात लिहिलं, ‘पृष्ठभागावर भेग आढळली नाही.’ अक्षर न् अक्षर खरं. सही केली. ट्रक गेला.

पावसाळा सरल्यावर त्यातला एक ब्रॅकेट तुटला. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावरून खाली आली आणि आतल्या हमालाचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चौकशीत मला तुटका तुकडा दाखवला. कुरमुऱ्यांचा लाडू फोडावा तसं आतून दिसत होतं. चौकशी करणाऱ्या साहेबांनी माझा अहवाल दोनदा वाचला. “तुमचं काही चुकलेलं नाही. तुम्ही पृष्ठभाग असंच लिहिलंय.” बाहेर दादाने पाठीवर थाप मारली, “वाचलास रं!” मी परत आत जाऊन त्या हमालाचा पत्ता मागितला.

तो हमाल अंबाडी गावाजवळ बहिणीकडे राहत होता. मी गेलो. खाटेवर बसल्या बसल्या त्याने विचारलं, “भाऊ, तुमच्या तपासनीत आतला दिसत न्हाय का?”

“दिसतं. दुसऱ्या तपासणीत. ती मी केली नाही.”

“का?”

पडद्यावरचं गवत, लूम, ट्रक, सगळं सांगता आलं असतं. हसवत हसवत सांगता आलं असतं. “दोन दिवस थांबलो नाही,” एवढंच म्हणालो.

त्याने गुडघ्यावरची चादर सारखी केली. मग म्हणाला, “आनि बाकीचे अकरा?”

खरं सांगतो, तोवर मला ते अकरा आठवलेच नव्हते.

गोदामाला पत्र लिहिलं: अकरा ब्रॅकेट उतरवा, माझ्या खर्चाने फोटो काढून देतो. उत्तरासोबत माझ्याच अहवालाची प्रत आली. दुसरं पत्र पाठवलं, त्याला उत्तरच नाही. शेवटी स्वतः गेलो. व्यवस्थापक तरुण होता, वागायला नम्र. “सर, तुटलेला आम्ही बदललाय. बाकीचे तर तुम्हीच पास केलेत.”

“मी चुकलो होतो,” मी म्हणालो.

“तसं लिहिलेलं नाही ना, सर.”

त्याच्या मागे लिफ्ट वर निघाली होती. खोक्यांच्या मधोमध दोन हमाल उभे होते, एकजण मोबाइलवर गाणं ऐकत. मी ओरडलो, दोन्ही हात हलवून खाली उतरा, खाली उतरा अशा खुणा केल्या. त्यांना काही ऐकू गेलं नसावं. त्यांनीही हसून हात हलवला.