आईच्या कपाटाचं दार

भिवंडीजवळ वडप्याच्या ज्या गोदामात मी नोकरी करतो, तिथे शीतखोलीतली थंडी जरा कमी झाली तरी माझ्या मोबाईलला कळतं. सेन्सर, क्लाउड वगैरे शब्द त्यामुळे माझ्या तोंडात सारखे असतात आणि घरी मी त्याची शेखीही मिरवतो. आई न्हाणीघरात घसरून पडली आणि ताईने तिला कायमचं पुण्याला न्यायचं ठरवलं, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, महिनाभर थांब, तुला पुण्यात बसून आईची खबर मिळेल अशी व्यवस्था करतो. आईला जायचं नव्हतं. भिवंडीतलं वरच्या मजल्यावरचं घर, खाली भाड्याने दिलेले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, आणि समोरची शेजारीण, एवढ्यात तिचं सगळं होतं. ताई कशीबशी तयार झाली.

शनिवारी मी आईच्या पलंगाच्या पायाला थरथर टिपणारा सेन्सर चिकटवला. आई बसली, उठली, कूस बदलली, की त्याला कळणार. तो वायफायला जोडला, क्लाउडवर खातं उघडलं आणि मला दिसेल ते सगळं ताईलाही दिसेल अशी सोय केली. ह्यात आपलं तोंड दिसतं का, एवढंच आईने विचारलं. नाही म्हटल्यावर ती निवांत झाली.

आठवडा झकास गेला. ताईची एकच तक्रार होती, की आई रात्रंदिवस हलतेच आहे, ती झोपत नाही का. मी तिला म्हातारपणच्या झोपेवर लांबलचक व्याख्यान दिलं.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास ताईचा गोदामात फोन आला. आठपासून मोबाईलवरच्या आलेखात नुसती सरळ रेघ होती आणि आई फोन उचलत नव्हती. मी मोटरसायकल काढली. हायवेवर ट्रेलरच्या रांगांतून वाट काढताना देवाला काय काय कबूल केलं, ते इथे सांगत नाही. धावत जिना चढलो, तर आई गॅलरीत शेजारणीबरोबर वाल सोलत बसली होती. फोन आत चार्जिंगला होता.

मी दारातच फतकल मारली. श्वास जागेवर आल्यावर कळलं, घर गप्प आहे. शुक्रवार, लूमची सुट्टी. खाली लूम चालू असले की आमच्या फळीवरची भांडीसुद्धा हलतात, पण त्याच थरथरीत जन्म गेल्यामुळे ती मला कधी जाणवलीच नव्हती. आठवडाभर आम्ही दोघं भावंडं भाडेकरूच्या लूमची तब्येत बघत होतो. मला स्वतःची अशी लाज वाटली की बोलायची सोय नाही.

ताईला खरं ते सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "रविवारी येते आणि आईला घेऊन जाते."

मी तोंड पाडून पलंगाखालचा सेन्सर काढत होतो. आईच म्हणाली, "तिथं कशाला लावलास? चायचा डबा ज्या कपाटात हाय, त्याला लाव. चाय पिल्याबिगर माझा दिस उगवत न्हाय."

मी कपाटाला दार उघडल्याची खबर देणारा सेन्सर लावला. रविवारी ताई आली, स्वतः चार वेळा दार उघडून मोबाईल पाहिला आणि महिना पुरा होऊ द्यायला राजी झाली. सकाळी एकदा, दुपारी एकदा खबर यायची. मला बरं वाटायचं.

मग एका दुपारी दर तासाला कपाट उघडू लागलं. चौथ्या वेळी मी वैतागून आईला फोन केला आणि एवढा चहा कशाला पितेस म्हणून विचारलं.

"चाय कुठं पितंय," आई म्हणाली. "तुझ्या ताईला ताप हाय. जावई परगावी गेलेत, एकटीच पडलीय. सारखा फोन केला तर तिची झोप मोडंल. दार उघडलं का तिला तिथं कलतं ना? डोले उघडतील तवा बघंल. वाटंल, आई जवल हाय."

पाचव्या वेळी खबर आली, तेव्हा मी फोन केला नाही.

महिना संपला तरी ताईने आईला न्यायचा विषय काढला नाही. फक्त एकदा फोन करून विचारलं, की तिच्याही स्वयंपाकघरात तसाच सेन्सर लावून त्याची खबर आईला पाठवता येईल का.