समुद्र पाहिला नाही म्हणे!

सेलूत दुकानांच्या पाट्या रंगवणारा आश्रुबा आवडीने चित्रं काढायचा ती समुद्रकाठच्या गावांची. उतरती कौलं, ओल्या गल्ल्या, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या. "प्यायला पाणी न्हाई आन् ह्यो समुद्र काढायलाय," म्हणून लोक हसायचे. हसोत बापडे! दिवाळीनंतर ऊसतोड आणि पावसाळ्यात कोकणातलं हर्णै बंदर, अशी आश्रुबा आणि त्याची बायको छबूबाई यांची उमेदीची वर्षं गेली. पावसात मासेमारी बंद असते, होड्या तेव्हाच रंगवायला निघतात. आश्रुबा होड्या रंगवायचा आणि उरल्या रंगात ते गाव काढायचा.

पन्नाशी उलटल्यावर परभणीच्या एका कलामंडळाने त्याचं पहिलं प्रदर्शन लावलं. नवा सदरा घालून गडी पोचला, तर दारातच भलामोठा फलक: 'समुद्र कधीही न पाहिलेल्या दुष्काळपुत्राची समुद्रस्वप्ने'.

अरे, आधी विचारलं असतं तर जीभ झडली असती का?

आश्रुबाने संयोजक माणिकरावांना गाठलं. "साहेब, मी तिथं राहून रंग मारलाय. हे बदला."

"अहो, लोकांना हेच भावतं," माणिकराव हसले. "पाहुणेही हेच बोलणार आहेत. नशीब उघडायलंय तुमचं, गप उभे राहा."

म्हणजे मराठवाड्याच्या माणसाने कायम तहानलेलंच दिसायचं! घाम गाळून पाहिलेला समुद्रही यांना खपत नाही. संताप येतो तो याचाच. पण पुन्हा कोण बोलावणार, या धास्तीने आश्रुबा गप उभा राहिला.

पाहुणे एका चित्रापुढे थांबले. "न पाहता केवढी ही कल्पनाशक्ती!" टाळ्या पडल्या. चित्र बंदरामागच्या गल्लीचं होतं. तिथल्या कोपऱ्यावरच्या पडवीत आश्रुबाची लेक वैष्णवी जन्मली होती. आता ती बापाशेजारीच उभी होती.

"आबा," ती हळूच म्हणाली, "मंग मी काय सपनात जलमले?"

आश्रुबाने पुढे होऊन ते चित्र खिळ्यावरून उतरवलं आणि लेकीच्या हातात दिलं. मग शेजारचं उतरवलं.

"डोकं फिरलंय का? पुन्हा कुणी विचारायचं नाही तुम्हाला!" माणिकराव ओरडले.

"नका इचारू. पर माझ्या लेकीचं घर म्हंजी तुमचं सपान न्हाई."

पहिलं प्रदर्शन त्याच दुपारी संपलं. दुसरं अजून कुणी लावलेलं नाही.