इकडून म्हणजे कुठून?

जुन्या चित्रपटातली नायिका नवऱ्याला विचारते, "इकडून कधी येणं झालं?" त्याखाली कुणीतरी लिहिलंय, "इकडून म्हणजे कुठून? लोकेशन पाठव!" पुतणी मोबाइलवर हे मीम दाखवत खिदळत होती. "काका, नवऱ्याचं नावही घेत नाही, बिच्चारी!"

माझं डोकंच फिरलं. माझी आईही वडिलांना 'इकडून'च म्हणायची. भांडेवाला भाव उतरवेना की मान खाली घालून सांगायची, "इकडून परवानगी नाही हो." तो मुकाट्याने उतरवायचा. वडिलांना यातलं काही ठाऊकही नसायचं. त्या शब्दाआडून किती बायका स्वतःचंच म्हणणं रेटत असतील! घासाघीस मी तिच्याकडूनच शिकलो, त्याच जोरावर माझं दुकान उभं केलं.

हे सगळं मी पुतणीला सुनावलं. "काका, यावर मीम बनवू?" तिने विचारलं.

"बनव," मी ओरडलो, "पण 'बिच्चारी' खोडायचं!"