देवदत्तच्या पाच गिटारी

देवदत्त पेठ्याकडे चहाला जाणं म्हणजे तोंडी परीक्षेला बसणं. बिस्किटांची बशी पुढे आली की पाठोपाठ गिटार यायची. "ऐक," असं म्हणून तो डोळे मिटायचा, एका जुन्या भावगीताची पहिली ओळ वाजवायचा, ती गिटार भिंतीला अडकवायचा, दुसरी काढायचा आणि तीच ओळ पुन्हा वाजवायचा. मग भुवया वर करून माझ्याकडे बघायचा.

"कळला फरक?"

मला कळायचा तो एवढाच, की चहा निवत चाललाय. पण तसं बोलायची सोय नव्हती. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत आम्ही एकाच मजल्यावर राहायचो आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी. सेक्रेटरीला सगळ्यांशी गोड बोलावं लागतं. "हो, ही जरा जास्त… मोकळी वाटते," असं काहीतरी मी ठोकून द्यायचो.

"मोकळी? शिवदास, ही महोगनी आहे! मोकळी ती रोझवुडची. कान आहेत का भोकं?"

हा माणूस विमा कंपनीत दावे तपासायच्या खात्यात होता. आयुष्यभर कुणाचाही शब्द पुराव्याशिवाय मानला नाही. गाडी झाडावर आपटली म्हणून कुणी सांगितलं, तर हा झाड बघायला जायचा. फक्त गिटारीचा विषय निघाला की पुरावाबिरावा सगळं गुंडाळून ठेवायचा आणि जे मनात येईल ते शास्त्र म्हणून सांगायचा.

त्याच्याकडे पाच गिटारी होत्या आणि त्या जिथून आल्या त्या ठिकाणाच्या नावानं ओळखल्या जायच्या. कलकत्तेवाली सगळ्यांत जुनी, त्याच्या कॉलेजातली. गोवेवाली लग्नानंतरची. साकीनाकेवाली ऑफिसची कपाटं बनवणाऱ्या एका मिस्त्रीकडून हट्टानं करून घेतलेली, अस्सल सागवानी, आणि तिचा आवाजही कपाटातून यावा तसाच यायचा. एक ऑनलाइनवाली, सेलमध्ये घेतलेली, जिचं नाव घेताना देवदत्त नाक मुरडायचा. "पत्र्याचा डबा आहे नुसता. चरचरते."

आणि पाचवी जुहूवाली. ती काढायच्या आधी तो हात धुऊन यायचा.

जुहूच्या एका हॉटेलनं संध्याकाळचा वाद्यवृंद बंद करून वाद्यं विकायला काढली, तेव्हा ती त्याला मिळाली. तिचा आवाज म्हणजे त्याच्या मते साजूक तूप. "समुद्राचा खारा वारा वर्षानुवर्षं त्या लाकडात मुरलाय," तो सांगायचा. "गंमत बघ, घरी आणली त्या दिवशी तीसुद्धा चरचरत होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येऊन तारा चढवून बघतो तर चरचर गेलेली! लाकूड असतं रे ते, त्याला घर मानवावं लागतं."

घर मानवण्यासारखंच होतं म्हणा. पद्मजावहिनींच्या घरात झुरळ औषधालाही सापडलं नसतं. तांदळाच्या डब्यात, रेशमी साड्यांत, पुस्तकांच्या मागे, जिथे म्हणून किडा शिरेल तिथे वहिनींनी वेखंड आणि कडुलिंबाचा वाळवलेला पाला जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून ठेवलेला असायचा. त्यांच्याकडे कपाट उघडलं की मला लहानपणीचं बाळंतिणीच्या खोलीतलं वातावरण आठवायचं.

वहिनींना या पाच गिटारींचा भयंकर राग होता. चिडत नसत, पण देवदत्तनं "कळला फरक?" विचारलं की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "सगळ्या सारख्याच वाजतात!" रोज. न चुकता. यावर देवदत्त कपाळाला हात लावायचा.

मग आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. सगळ्यांना घरं रिकामी करायची होती आणि चाव्या गोळा करायचं काम माझ्या डोक्यावर. पेठ्यांनी घाटकोपरला भाड्यानं जागा घेतली. जागा छोटी, भिंती सगळ्या कपाटांनी अडणार. मी चावीची आठवण करायला गेलो, तर दोघांचं भांडण ऐन रंगात आलेलं.

"एकच गिटार येईल," वहिनी म्हणाल्या. "जुहूवाली घ्या. बाकीच्या कुणाला तरी देऊन टाका."

"आणि तुलना कशाशी करू? एकटी गिटार म्हणजे काय, पद्मजा? चार आवाज शेजारी असले तर पाचव्याचा गोडवा कळतो."

"कसला गोडवा? डोळे मिटले तर तुम्हालाही ओळखू येणार नाही कुठली कुठली ते."

हे त्याला फार लागलं. एकदम उभा राहिला. "ठीक आहे! रविवारी गंधाली येतेय. ती पडद्यामागे बसून वाजवेल. मी जुहूवाली ओळखली तर पाचही घाटकोपरला येतील, मग त्या पलंगावर झोपल्या तरी चालतील. नाही ओळखली तर पाचही देऊन टाकीन. जुहूवालीसकट! शिवदास, तू पंच."

"चालेल," वहिनी म्हणाल्या आणि कांदा चिरायला गेल्या. मी मधल्यामध्ये चावीचं बोलायचं विसरलो.

रविवारी हॉलमध्ये खोक्यांचे ढीग होते. बेडरूमच्या दारात चादर बांधलेली. गंधाली, त्यांची मुलगी, अंधेरीहून आली होती. बापाकडूनच गिटार शिकलेली, म्हणजे तिलाही तीच एक ओळ उत्तम यायची. देवदत्तनं न्यायाची हद्द केली होती. नव्याजुन्या तारांमुळे कुणाला फायदा नको म्हणून आदल्या दिवशी पाचही गिटारींच्या तारा उतरवल्या, दुकानात जाऊन नवे संच आणले आणि सगळ्यांना सारख्या तारा चढवल्या. चढवून स्वर तेवढे जुळवले, पण ती ओळ मुद्दाम वाजवली नाही. म्हणाला, कान ताजा हवा.

"बाबा, रेडी?" चादरीमागून गंधाली.

"वाजव."

तिनं ओळ वाजवली. "कलकत्तेवाली," देवदत्त लगेच म्हणाला. आतून आवाज आला, "झकास! बरोबर."

दुसरी वाजली. "साकीनाका. शिवदास, हे तर तुलाही कळलं असेल." खरंच कळलं होतं. मला अभिमान वाटला.

तिसरी वाजली आणि त्यानं तोंड वाकडं केलं. "हा आपला ऑनलाइन डबा. पुढची घे."

या वेळी आतून उत्तर आलं नाही. चौथी वाजली, तो गोवेवाली म्हणाला. मग पाचवी वाजली आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

"ऑनलाइनवाली पुन्हा का वाजवलीस?"

"नाही वाजवली, बाबा."

"मग जुहूवाली राहिली."

"पाचही झाल्या यार बाबा."

"शक्य नाही. परत वाजव."

तिनं पाचही परत वाजवल्या. यानं तेच सांगितलं. शेवटी मी पंच म्हणून चादर बाजूला केली आणि गंधालीला तिसऱ्या नंबरची गिटार दाखवायला सांगितली. तिच्या मांडीवर जुहूवाली होती.

देवदत्तनं ती हातात घेतली. उलटीपालटी करून पाहिली, जसा पूर्वी दाव्याचा कागद बघत असेल. स्वतः ओळ वाजवली. गिटार चरचरली. मलासुद्धा ऐकू आलं.

तो खोक्यावर बसला. "कान गेला माझा," म्हणाला. "पद्मजा बरोबर म्हणते. इतकी वर्षं मी लोकांना धरून धरून काय ऐकवत होतो?"

खरं तर मला हसू यायला हवं होतं. माझे किती चहा गार केले होते या माणसानं. पण त्याचा चेहरा पाहून ते जमलं नाही. गिटारी जाणार होत्या याचं दुःख होतंच, पण त्याहून वाईट म्हणजे त्याचा स्वतःवरचा भरवसाच उडाला होता. "अरे, नव्या तारा आहेत," मी काहीतरी बोललो. "सगळ्यांनाच नव्या आहेत," तो म्हणाला. पुराव्यापुढे त्याचं काही चालेना.

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. पैज जिंकलेल्या बाईसारखा एकही भाव त्यांच्या तोंडावर नव्हता. "अहो, थांबा जरा," असं म्हणून त्या आत गेल्या. आतून खोक्याची चिकटपट्टी टराटरा फाडल्याचा आवाज आला. डबे वाजले. थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या हातात लिंबाएवढी पोटली होती.

"गंधाली, मधल्या तारा सैल कर."

त्यांनी बांगड्या काढल्या, तारांमधून हात आत घातला आणि ती पोटली आतल्या बाजूनं, तारा जिथे अडकवतात त्या घोडीच्या बरोबर खाली, चिकटपट्टीनं पक्की केली. हात इतका सराईत होता, की आम्ही तिघेही बघत राहिलो.

"हे काय आहे?" देवदत्तनं विचारलं.

"वेखंड."

"गिटारीत?"

"झुरळं होती तिच्यात. हॉटेलातली ना ती! आणलीत त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसला गेलात आणि त्या भोकातून मिशा बाहेर आल्या. तुम्हाला सांगितलं असतं तर हात लावू दिला असतात? तुम्हीच तारा उतरवून ठेवल्या होत्या. घातली पोटली आत. मग तुम्ही तारा बदलायला काढून बाजारात गेलात की दर वेळी नवी घालायचे. काल जुनी काढली आणि बघते तर वेखंडाचा डबा खोक्यात बांधलेला. म्हटलं, घाटकोपरला गेल्यावर घालू."

गंधालीनं तारा जुळवल्या, गिटार बापाकडे दिली. त्यानं ओळ वाजवली आणि त्याचे डोळे आपोआप मिटले.

"ही!" तो ओरडला. "ही जुहूवाली!" मग डोळे उघडले. आवाज खाली आला. "म्हणजे तो समुद्राचा वारा…"

"कडुलिंबाचा पाला," मी म्हणालो. मला राहवलंच नाही. गंधाली चादरीत तोंड खुपसून हसत होती.

तरी पंच म्हणून मला निकाल द्यावा लागणार होता. ओळखायची ती ओळखली नव्हती, हे खरं होतं. मी घसा साफ केला, तेवढ्यात वहिनीच म्हणाल्या, "तो पहिला निकाल धरायचा नाही, भावजी. चूक माझी होती. जुहूवाली घाटकोपरला येणार." थोडं थांबून म्हणाल्या, "एकटी."

देवदत्तनं मान हलवली. त्या क्षणी त्यानं कशालाही मान हलवली असती.

मला मात्र एक गोष्ट सुटेना. "वहिनी, तुम्हाला तर सगळ्या सारख्याच वाजतात. मग फरक पोटलीचा आहे, हे कळलं कसं?"

"पहिल्या सुरालाच कळलं. रोज ऐकते मी."

"मग सारख्याच, सारख्याच असं का म्हणायचात?"

त्यांनी खोक्याला परत पट्टी लावायला घेतली.

बाकीच्या चार गिटारी गंधालीच्या गाडीतून अंधेरीला गेल्या. मी भांडुपला भाड्यानं राहायला गेलो आणि सामान लागल्यावर एकदा घाटकोपरला पेठ्यांकडे डोकावलो. बशी पुढे आली. पाठोपाठ देवदत्त हात धुऊन आला आणि जुहूवाली घेऊन बसला.

"ऐक. सुती साडीचा तुकडा आहे आत. पद्मजानं मध्ये रेशमाचा लावून बघितला, पण वरचे सूर दबतात." नवं शास्त्र तयार झालं होतं.

त्यानं ओळ वाजवली. ती संपल्यावर सवयीनं त्याचा हात भिंतीकडे गेला. तिथे कॅलेंडर होतं. हात तसाच हवेत राहिला. शेजारी ठेवून बघायला दुसरी गिटार नव्हती, "कळला फरक?" विचारायला जागाच नव्हती. तो जरा गोंधळला, हात परत तारांवर आणला आणि गाणं पुढे वाजवू लागला.

पुढचं त्याला येत नव्हतं. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीलाच तो अडखळला, मागे गेला, पुन्हा चढला. इतक्या वर्षांत मी त्या गाण्यात इथवर कधी पोचलोच नव्हतो. आत कुकरखालचा गॅस बंद झाल्याचा आवाज आला आणि पद्मजावहिनी पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मला बघायला आले होते, तेव्हा ही एवढी ओळ वाजवून दाखवली होती," त्या हळूच म्हणाल्या. "म्हटलं, पुढचं लग्नानंतर ऐकू. तर दुसरी गिटार आली, मग तिसरी. नुसती तीच ओळ, या गिटारीवर आणि त्या गिटारीवर. पुढचं आज ऐकतेय."

देवदत्तचा आणखी एक सूर चुकला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"काही खास येत नाही हो त्यांना पुढचं," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "पण तुम्ही गप्प बसा, भावजी. पूर्ण होऊ दे."