हिरवळीवर भाजलेला राब

ती घटना आठवली की आजही मी आधी सुटकेचा निःश्वास टाकतो आणि मग स्वतःवर चिडतो.

तेव्हा मी मावळातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिना होता. सकाळची हजेरी चालू असताना ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. परंदवडीच्या अलीकडे एका बंगल्याच्या आवारात आग लागली होती. रखवालदाराची पत्र्याची खोली जळाली होती. त्याची बायको आत झोपलेली होती, ती धूर पाहून बाहेर पळाली म्हणून वाचली. बंगल्याचे मालक मुंबईचे. ते दुपारी आले आणि गावातल्या कोणीतरी खुन्नस काढली, अशी फिर्याद दिली. माणूस राहतो ते घर पेटवणं म्हणजे कलम जड. सिद्ध झालं असतं तर आरोपीची ऐन उमेदीची वर्षं तुरुंगात गेली असती.

संध्याकाळच्या आत खबर आली. सोमाटण्याचा एक टपरीवाला आमचा जुना खबऱ्या. तो म्हणाला, "साहेब, ती जमीन आधी ज्यांची होती, त्यांचा पोरगा बघा. मागल्या आठवड्यात बंगलेवाल्याशी लय भांडलाय. आन् आज त्याच्या दोन्ही हातांना फडकी बांधल्याती."

पोरगा सव्वीस वर्षांचा, तळेगावच्या एका कारखान्यात कामाला. पुढच्या महिन्यात कायम होणार होता. बंगल्याची जागा म्हणजे त्याच्या वडिलांनी बारा वर्षांपूर्वी राजीखुशीने विकलेलं भाताचं खाचर. त्याला ठाण्यात आणला. मी आवाज चढवायच्या आधीच तो बोलला.

"मीच लावली आग."

"कशानं?"

"रॉकेल वतलं."

"का?"

"राग आलता."

अर्ध्या तासात गुन्हा उघड! मी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो. वरिष्ठांना फोन करून शाबासकीही घेतली. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही हे शिपायालाही ठाऊक असतं, पण भाजलेले हात आणि भांडणाचे साक्षीदार माझ्याकडे होते. अटक दाखवली आणि घरी जाऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी आमचे म्हातारे हवालदार पंचनाम्याचे कागद घेऊन आले. "साहेब, रॉकेलचा वास कुठंच नाही. डबा नाही, बाटली नाही. मग ह्या कोठडीतल्या पोरानं ओतलं कशातून?" मी त्यांच्यावर खेकसलो. पण माणूस बरोबर बोलत होता, म्हणून गाडी काढली आणि पुन्हा जागेवर गेलो.

आदल्या दिवशी सगळे जळालेल्या खोलीभोवती गर्दी करून उभे होते, मीसुद्धा. आता नीट पाहिलं, तर आगीची सुरुवात पंधरा पावलं अलीकडे, हिरवळीवर झाली होती. वाऱ्याने ठिणगी उडून खोलीच्या ताडपत्रीला लागली असणार. हिरवळीवरचा काळा डाग चांगला चौकोनी होता, कडा साफ केलेल्या. मी काठीने उकरलं. तळाला शेण, त्यावर पाला, त्यावर वाळलं गवत आणि सगळ्यावर हाताने भुरभुरलेली माती. शेण माळ्याने गुलाबांसाठी आणून ठेवलेल्या ढिगातलं, पाला छाटलेल्या कुंपणाचा.

मी आंदर मावळातला. लहानपणी आईमागे शेणाच्या पाट्या वाहिल्यात. आमच्याकडे भाताचं रोप टाकायची जागा उन्हाळ्यात अशीच थर रचून भाजतात. तण मरतं, रोप जोमानं येतं. त्याला राब भाजणं म्हणतात. घर जाळायला आलेला माणूस आगीवर माती कशाला पसरेल?

रखवालदाराला बाजूला घेतला. बराच वेळ तो "मला काय ठाऊक न्हाई" म्हणत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "म्हातारं रोज सकाळी यायचं, साहेब. आपलं खाचर हाय म्हणायचं, बांध हुडकायचं. मी च्या पाजून लावून द्यायचो. मालकांनी एकदा त्यांना हाकललं, तवाच पोरगा भांडला. म्हातारं अजून येतंय हे मालकांना कळलं असतं, तर माझी नोकरी गेली असती." सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. ज्याला त्याला आपली भाकरी सांभाळायची असते, एवढंच.

तसाच त्यांच्या घरी गेलो. आबा, म्हणजे त्या पोराचे वडील, ओट्यावर बसले होते. स्वच्छ धोतर, चेहरा शांत. मी शेजारी टेकलो.

"आबा, राब भाजला का?"

म्हातारा खुलला. "भाजला की. मिरग आला तोंडावर, आन् ह्या पोरास्नी हाय का फिकीर? तू कुणाचा रं?"

मी माझं गाव सांगितलं.

"मग तुझ्या बानं भाजला का?"

माझे वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. "भाजला," मी म्हणालो.

ठाण्यात परतलो आणि कोठडीसमोर उभा राहिलो. "हे हात आग लावताना भाजले नाहीत. आबांना शोधत तू तिथं गेलास, त्यांना आगीतून ओढून काढताना भाजलेत. खरं ना?"

पोरगा उठून गजांपाशी आला. मग म्हणाला, "साहेब, त्यास्नी आत टाकलं तर कशापायी टाकलं ते बी त्यास्नी कळायचं न्हाई. मला निदान कळंल तरी."

उभ्या नोकरीत मी आरोपीची माफी मागितली नव्हती. त्या दिवशी मागितली. चुकलं माझं, असं सरळ म्हणालो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता.

आबांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. स्कॅन झाला. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडत गेल्या होत्या, त्यातून स्मृतिभ्रंश आला होता. जुनं शाबूत आणि नवं पुसलेलं. म्हणून त्यांना खाचर दिसायचं, बंगला दिसायचा नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, पण रक्तदाबाची औषधं चुकवली नाहीत तर पुढचं नुकसान लांबवता येईल. हे ऐकून मावशी, म्हणजे आबांची बायको, रडायला लागल्या. मी धीर द्यायला गेलो, तर म्हणाल्या, "बरं झालं रं बाबा, आजार हाय म्हंजी. मला वाटायचं मुद्दाम करत्यात. दोन वरीस नुसती भांडले त्यांच्यासंगं."

बंगल्याचे मालक तापट होते, पण पाषाणहृदयी नव्हते. डॉक्टरांचा कागद त्यांनी दोनदा वाचला आणि चष्मा पुसत बसले. रखवालदाराची खोली पोराने मित्रांना घेऊन चार दिवसांत उभी केली. मी वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून न्यायालयात अहवाल दिला, तो मान्य झाला. पोरगा सुटला. कारखान्यातही मी स्वतः जाऊन बोललो, आणि तो कायम झाला.

पुढे नव्या फौजदारांना मी एकच गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगायचो. कबुली पटकन हाती आली तर खूश होऊ नका, ती कोणासाठी दिलीय ते बघा. आणि घरातलं म्हातारं माणूस विचित्र वागायला लागलं तर भांडू नका, आधी डॉक्टरला दाखवा.

आबा गेल्या वर्षी गेले. मी भेटायला गेलो होतो. मावशींनी सांगितलं, शेवटी त्यांना घरातलं कोणीच ओळखू येत नव्हतं, पण लेकाच्या हातून दोन चमचे पाणी प्यायले आणि मग डोळे मिटले. माझी पहिली फाईल खरी ठरली असती, तर त्या दिवशी तो लेक तुरुंगात असता.