सैल हाताचं माप

"सोडा हात. एकदम सैल. माझ्यावर टाकून द्या."

भेटल्याबरोबर माणसं नमस्कार करतात. हे गृहस्थ समोरच्याचं मनगट धरायचे आणि असं म्हणायचे. तुम्हीही करून बघा, जमत नाही. कुणी हात धरला की आपण तो उगाचच ताठ करतो.

ते धुळ्याहून एसटीने आमच्या जळगावच्या चटई कारखान्यात यायचे. हत्यारांच्या मुठी आपल्याकडच्या हातांना बसाव्यात म्हणून कुठल्याशा संस्थेने त्यांना कामगारांचे हात मोजायला नेमलं होतं. मी तिथला सुपरवायझर, त्यामुळे त्यांना सांभाळणं माझ्याकडे आलं. आणि सांभाळावंच लागायचं! कपाळावरचा चष्मा पिशवीत शोधायचे, आमचं सोडून शेजारच्या डाळ मिलच्या गेटात शिरायचे, आणि दरवेळी म्हणायचे, "कुठंतरी चुकतंय हो." चहात साखर कमी पडली तरी तेच.

त्यांच्याकडे एक लाकडी शंकू होता, वर निमुळता, खाली जाड. तो मुठीत धरायचा आणि अंगठा व मधलं बोट जिथे एकमेकांना आरामात टेकतील तिथलं माप ते घ्यायचे. कारखान्यातल्या बायकांनी त्याचं नाव 'भोवरा' ठेवलं होतं.

मागावरून चटई उतरली की तिचे काठ सुरीने कापावे लागतात. त्या टेबलावर असोद्याची अक्का सगळ्यांत जुनी. तिच्या अंगठ्याचं दुखणं फार वाढलं होतं. मूठ बदलली नाही तर तिला काम सोडावं लागणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी ते मापवाल्यांच्या कानावर घातलं. ते एवढे गंभीर झाले, की त्या दिवशी चहाही विसरले.

मापं झाली, त्यावरून नमुन्याच्या मुठी बनून आल्या. अक्काने नवी सुरी धरली आणि पहिल्याच चटईला ती हातातून निसटली. मूठ जुन्या मुठीहून जाड! बाकीच्या बायकांचंही तेच. मापवाले भोवरा घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. "मापं तर मीच घेतली ना हो? कुठंतरी चुकतंय." मला हसू येत होतं आणि त्यांची कीवही येत होती. खरं सांगायचं तर माझंही डोकं चालत नव्हतं.

दुपारी अक्का कळण्याची भाकरी मोडत बसली होती. मापवाले समोर बसून तिच्या हाताकडे बघत होते.

"अक्का, हात तर एवढासा आहे तुमचा. मग त्या दिवशी भोवरा इतक्या खाली कसा धरलात?"

अक्काने घास खाली ठेवला. "भाऊ, लहान हाताच्या बायांले घरी बसवतीन, असं आइकलं व्हतं आम्ही. मंग कसा दाखवू लहान हात? ताणला, जेवढा ताणता आला तेवढा."

"आणि बाकीच्या?"

"सगयांनीच ताणला."

हात मोजतात म्हणजे कुणाला तरी काढणार, इतका सरळ हिशेब. ही अफवा कुणी उठवली, ते आजही कळलेलं नाही. मापवाले रागावले नाहीत. "मी तुम्हाला काढायला आलो, असं वाटलं? मी?" एवढंच म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवत नाही.

पुन्हा मोजायला मालक तयार होईनात. एकदा झालं ते झालं, म्हणाले. तरी मापवाले जेवणाच्या सुट्टीत येऊ लागले. संस्थेने पाठवलंय का, असं विचारलं तर म्हणाले, "तसंच काहीतरी." जेवणं झालेल्या, गप्पांत रंगलेल्या बायकांच्या हातात ते हळूच भोवरा द्यायचे. एका खेपेला घरी तासलेली बारीक लाकडी मूठ घेऊन आले आणि अक्काच्या सुरीला बसवली. अक्काने चटईचा काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता कापला. "बसली," ती म्हणाली. त्या दिवशी काही चुकतंय, असं ते म्हणाले नाहीत.

त्यानंतर ते आलेच नाहीत. फोन लागत नाही. एकदा कामासाठी धुळ्याला गेलो, तेव्हा स्टँडवर उगाच इकडेतिकडे बघत उभा राहिलो. न जाणो, एखाद्या भलत्याच गाडीत चढताना दिसतील. त्यांची नवी मापं संस्थेने घेतली, की घाबरून ताणलेल्या हातांचीच कुठे नोंदली गेली, तेही माहीत नाही. माणूस मला पुरता कळला, असं म्हणवत नाही. आठवण मात्र फार येते.

परवा नव्या सुऱ्यांचं खोकं आलं. परगावच्या कंपनीचा माल, चकचकीत. अक्काने एक सुरी मुठीत धरून पाहिली. अंगठा बोटापर्यंत पोचेना. तिने ती परत खोक्यात ठेवली आणि आपली बारीक मुठीची सुरी उचलली.

"भाऊ," ती मला म्हणाली, "या सुऱ्यायचे मापं जथी घेतले, तथीबी बाया घाबरेल व्हत्या का रे?"