ताटात लिहिलेलं आडनाव

नव्वदच्या दशकात कोपरखैरण्यात आमच्या शेजारी एक रशियन जोडपं भाड्यानं राहायला आलं. नवरा तुर्भ्याच्या कारखान्यात मशीन बसवणारा इंजिनिअर, बायको पोटुशी. दारावर दोघांच्या नावांची इंग्रजी पाटी लागली आणि सोसायटी हादरली. आडनाव तेच, पण तिच्याला शेवटी एक 'आ' जास्त.

सेक्रेटरी साताऱ्याचे. मला म्हणाले, "वहिनी, नवरा-बायकूची आडनावं येगळी कशी? हितं फक्त फॅमिली ऱ्हाती. म्हैनाअखेर खाली करा म्हनावं."

ती माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. या दिवसांत परक्या गावात घर कुठं शोधायचं? मोडक्या हिंदीत तिनं मला समजावलं, त्यांच्याकडे बाईचं आडनाव असंच बदलतं. मी सेक्रेटरींना म्हटलं, "आपण काळा घोडा, काळी गाय म्हणतो ना, तसं."

"ते जनावराचं झालं. आडनाव म्हंजे घरानं!"

लग्नाचा फोटो दाखवला, तर त्यात त्यांना मंगळसूत्र दिसेना. शेवटी कमिटीनं तोडगा काढला: गच्चीवर लग्नच लावून टाकायचं. डोकी फिरली होती सगळ्यांची! नवरदेव इतका उंच, की अंतरपाट धरणारे दोघे स्टुलांवर चढले. नवरी पोटुशी आहे, यावर मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

मग तांदळाचं ताट आलं. नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं सासरचं नाव लिहायचं. त्यानं मन लावून लिहिलं, पण त्यांच्या लिपीत. "काय लिवलंय?" सेक्रेटरींनी मलाच विचारलं. त्यांच्या लिपीतही तो 'आ' इंग्रजी 'a'सारखाच; शेवटी ठसठशीत दिसत होता.

"एकच आडनाव," मी ठोकून दिलं. टाळ्या पडल्या. घर राहिलं. मला इतका आनंद झाला, की मी तिला मिठीच मारली.

पेढे वाटताना तिनं विचारलं, "तुझ्या ताटात काय लिहिलं होतं?"

मी माझं सासरचं नाव सांगितलं.

"आणि त्याच्या आधी?"

सांगितलं तेही, पहिलं नाव, आडनाव, सगळं. लग्नानंतर पहिल्यांदाच ते मोठ्यानं उच्चारत होते.

शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्यानं पेढा चघळत विचारलं, "ही कोण?"